स्टेट कोर्टाच्या शिक्षेविरुद्ध फेडरल कोर्टात: त्या पाच वर्षांवर विसंबू नका

नाशिकहून एका गृहस्थांनी विचारलं आहे. त्यांचा भाचा ग्रीन कार्डवर न्यू जर्सीत राहत होता. खुनाच्या प्रयत्नाच्या आरोपात ज्युरीनं त्याला दोषी धरलं आणि पंधरा वर्षांची शिक्षा झाली. अपील फेटाळलं गेलं, पुढे राज्याच्या सुप्रीम कोर्टानं प्रकरण ऐकायलाच नकार दिला. तुरुंगातला एक जाणता कैदी म्हणतो, "पीसीआरला पाच वर्षं मुदत आहे, सावकाश करू." दुसरा म्हणतो, "सरळ फेडरल कोर्टात हेबियस टाक." यांचे प्रश्न तीन: फेडरल कोर्ट हे राज्याच्या सुप्रीम कोर्टाच्याही वरचं असतं का? निर्दोष असल्याचा पुरावा तिथे देता येईल का? आणि नाशिकमध्ये बसून घरच्यांनी काय करायचं?

मी न्यू जर्सीत फौजदारी अपिलं आणि हेबियसची, म्हणजे कोठडीच बेकायदा आहे असं मांडणाऱ्या याचिकांची, कामं करतो. तिन्ही प्रश्नांना उत्तरं देतो, पण तुम्ही न विचारलेल्या चौथ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. राज्याच्या सुप्रीम कोर्टानं नकार दिला ती तारीख कोणती? ऑर्डरची प्रत काढा आणि तारीख लिहून ठेवा.

पाच वर्षांची गोष्ट खोटी नाही. न्यू जर्सीच्या नियमाप्रमाणे शिक्षेचा आदेश निघाल्यापासून पाच वर्षांत पीसीआर, म्हणजे शिक्षेनंतरचा फेरविचार अर्ज, त्याच ट्रायल कोर्टात करता येतो. पण फेडरल कोर्टाची मुदत वेगळी आहे. ती एक वर्षाची असून राज्याच्या मुदतीकडे बघत नाही. पाच वर्षांच्या भरवशावर चौथ्या वर्षी पीसीआर टाकणारा कैदी राज्याच्या दृष्टीनं वेळेत असतो, पण फेडरल कोर्टाचा हक्क त्यानं बहुधा आधीच गमावलेला असतो. पीसीआर चालू असताना फेडरल मुदत थांबते हे खरं. मात्र संपून गेलेली मुदत पीसीआर टाकल्यानं परत मिळत नाही. माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांची आशा सर्वांत जास्त वेळा इथेच बुडालेली असते, आणि त्यांना ते ठाऊकही नसतं.

हिशेब उदाहरणानं सांगतो. समजा राज्याच्या सुप्रीम कोर्टानं १२ मार्च २०२४ ला नकार दिला. त्यानंतर अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात, वॉशिंग्टनला, अर्ज करायला ९० दिवस असतात. अर्ज केला नाही तरी ते दिवस तुमच्या बाजूनं धरले जातात. म्हणजे निकाल अंतिम झाला १० जून २०२४ ला आणि वर्ष संपणार १० जून २०२५ ला. आता भाच्यानं १० एप्रिल २०२५ ला पीसीआर टाकला असं धरू. तोवर ३०४ दिवस गेले, ६१ उरले. पीसीआर ट्रायल कोर्टात चालू आहे तोवर मुदत थांबलेली. तो फेटाळला की अपिलाला ४५ दिवस, तेही मोजले जात नाहीत. पण न्यू जर्सीत एक सवय आहे. पब्लिक डिफेंडरच्या, म्हणजे सरकारी खर्चानं बचाव करणाऱ्या वकिलांच्या, कचेरीवर कामाचा डोंगर असतो, अपिलाची नोटीस उशिरा जाते, आणि राज्याचं अपील कोर्ट ती उदारपणे "वेळेत आली" असं समजून दाखल करून घेतं. घरचे सुटकेचा श्वास सोडतात. फेडरल न्यायाधीश मात्र ती उदारता पाळत नाही. ४५ दिवस संपल्यापासून नोटीस खरोखर पोचेपर्यंतच्या काळात काहीच प्रलंबित नव्हतं, असं तो धरतो. नोटीस १२० व्या दिवशी गेली, तर मधले ७५ दिवस कापले जातात. उरले होते ६१. खेळ खलास, आणि कुणी एक चुकीचा शब्दही उच्चारलेला नाही.

आणखी दोन खाचा आहेत. पीसीआरचं अपील राज्याच्या सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन फेटाळलं गेलं की पुन्हा ९० दिवस मिळत नाहीत. ती सवलत फक्त मूळ अपिलापुरती आहे, हे लॉरेन्स विरुद्ध फ्लोरिडा या २००७ च्या निकालात पक्कं झालं. आणि राज्यानं "मुदतबाह्य" म्हणून फेटाळलेला पीसीआर फेडरल मुदत थांबवतच नाही. तो अर्ज कधी नव्हताच, असं धरतात.

वकिलाच्या चुकीसाठी माफी आहे का? फार थोडी. होलंड विरुद्ध फ्लोरिडा (२०१०) मध्ये कैद्यानं वकिलाला पत्रांवर पत्रं पाठवून मुदतीची आठवण दिली होती, वकील गप्प राहिला, मुदत गेली. तिथे सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कैदी स्वतः दक्ष असेल आणि परिस्थिती खरोखर असाधारण असेल, तर मुदत शिथिल होऊ शकते. दिवस मोजायला वकील चुकला, एवढं कारण पुरत नाही. म्हणून भाच्याला सांगा की वकिलाला लिहिलेल्या प्रत्येक पत्राची प्रत ठेव आणि तुरुंगाच्या टपाल नोंदीत ते चढलं का ते बघ. हीच पत्रं पुढे त्याच्या दक्षतेचा पुरावा ठरतात.

आता तुमचा पहिला प्रश्न. भारतात कोर्टांची उतरंड एकच: सत्र न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय. म्हणून आपल्याकडच्या माणसाला वाटतं की फेडरल म्हणजे वरचं. अमेरिकेत दोन उतरंडी शेजारी शेजारी आहेत, राज्यांची आणि केंद्राची. न्यू जर्सीचं फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्ट न्यूअर्क, ट्रेंटन आणि कॅम्डेनला बसतं. ते राज्याच्या अपिलाचं कोर्ट नाही. राज्याच्या कायद्याचा अर्थ बरोबर लावला का, साक्षीदारावर विश्वास ठेवायला नको होता का, शिक्षा जरा जास्त झाली का, यातलं काहीही ते बघत नाही. ते एकच बघतं: या माणसाला कोठडीत ठेवताना अमेरिकेच्या राज्यघटनेचा भंग झाला आहे का? तसा भंग असला, तर तिथला एकटा न्यायाधीश राज्याच्या सगळ्या कोर्टांनी कायम केलेली शिक्षा रद्द करू शकतो. राज्यांना हे झोंबतं, आणि दीडशे वर्षांची भांडणं त्यातूनच आली आहेत.

भारतातही हेबियस कॉर्पस आहे, कलम ३२ आणि २२६ खाली. पण तिथे ती याचिका प्रामुख्यानं बेकायदा अटकेविरुद्ध चालते. सक्षम कोर्टानं शिक्षा दिली की तो मार्ग सहसा बंद होतो, मग अपीलच करायचं. अमेरिकेत १८६७ च्या कायद्यानं, यादवी युद्ध संपल्यावर, राज्यांच्या कैद्यांना फेडरल कोर्टाचा आसरा दिला. त्याला खरा दात फुटला १९२३ मध्ये, मूर विरुद्ध डेम्प्सी खटल्यात. आर्कान्सामध्ये एलेन गावच्या परिसरात वाट्यानं शेती करणाऱ्या काळ्या माणसांना खुनासाठी फाशी सुनावली गेली होती. खटला पाऊण तासात संपला, ज्युरीनं पाच मिनिटांच्या आत निकाल दिला, बाहेर जमाव उभा होता. राज्याच्या कोर्टांनी हे चालवून घेतलं. न्यायमूर्ती होम्स यांनी लिहिलं की खटला हा नुसता मुखवटा असेल, तर फेडरल न्यायाधीशानं स्वतः वस्तुस्थिती तपासलीच पाहिजे. तुमच्या भाच्याचा अर्ज त्याच परंपरेत बसतो.

मधल्या काळात हा मार्ग रुंद झाला, मग अरुंद. १९९५ च्या ओक्लाहोमा सिटीतल्या बॉम्बस्फोटानंतर सुमारे वर्षभरानं, २४ एप्रिल १९९६ ला, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ज्या कायद्यावर सही केली त्याला आम्ही वकील मंडळी "एडपा" (दहशतवादविरोधी आणि परिणामकारक मृत्युदंड कायदा) म्हणतो. नावात दहशतवाद असला तरी त्याचा फटका बसला मुख्यतः साध्या कैद्यांना. एक वर्षाची मुदत त्यातलीच. त्याहून जड तरतूद म्हणजे राज्याच्या कोर्टाबद्दल बाळगायचा आदर.

तो आदर किती, ते नीट समजून घ्या, कारण कुटुंबांची निराशा बहुधा इथून सुरू होते. राज्याच्या कोर्टानं मुद्दा गुणवत्तेवर फेटाळला असेल, तर तो निर्णय चुकीचा होता एवढं दाखवून भागत नाही. तो सुप्रीम कोर्टाच्या प्रस्थापित निकालांच्या विरुद्ध आहे, किंवा ते निकाल लावताना अवाजवी आहे, असं दाखवावं लागतं. २०११ च्या हॅरिंग्टन विरुद्ध रिक्टर निकालानं त्याचं माप दिलं: विचारी, निःपक्ष न्यायाधीशांमध्ये त्यावर मतभेद होऊ शकत असतील, तर फेडरल कोर्टानं हात लावायचा नाही. याचं कडू टोक बघायचं तर लॉकियर विरुद्ध अँड्रेड, २००३. कॅलिफोर्नियात एका माणसानं दोन दुकानांतून सुमारे दीडशे डॉलरच्या व्हिडिओ कॅसेट चोरल्या. आधीच्या गुन्ह्यांमुळे "तीन वेळा चुकलास तर संपलास" हा कायदा लागला आणि शिक्षा झाली किमान ५० वर्षं ते जन्मठेप. सुप्रीम कोर्टानं ५ विरुद्ध ४ मतांनी म्हटलं की राज्याच्या कोर्टानं ती कायम केली यात अवाजवी काही नाही. शिक्षा तशीच राहिली.

२००७ मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेल्या अभ्यासात फाशी नसलेल्या प्रकरणांमध्ये दिलासा मिळण्याचं प्रमाण हजारात तीन-चार इतकंच निघालं. तुमच्याकडे कुणी वकील "हमखास सोडवतो" म्हणून मोठी रक्कम मागत असेल तर हा आकडा त्याच्यासमोर ठेवा आणि त्याचा चेहरा बघा.

मग करायचंच कशाला? ज्या तीन-चारांना मिळतं, त्यांचे कागद आधीपासून नीट असतात, म्हणून. आमच्याच थर्ड सर्किटमधलं, म्हणजे न्यू जर्सीवरच्या फेडरल अपील कोर्टातलं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियाचं डेनिस प्रकरण घ्या. १९९१ मध्ये फिलाडेल्फियात एका स्टेशनजवळ दुपारी सुमारे १:५० वाजता एका मुलीचा खून झाला. आरोपी म्हणाला, मी तेव्हा बसमध्ये होतो, उतरल्यावर एक ओळखीची बाई दिसली. त्या बाईनं पोलिसांना आणि कोर्टात वेळ दुपारी चारच्या सुमाराची सांगितली, म्हणजे त्याच्या बचावाला काही अर्थ उरला नाही. तिनं वेळ ठरवली होती सरकारी मदतीच्या पावतीवरून. पावतीवर छापलं होतं १३:०३, म्हणजे दुपारचा एक वाजून तीन मिनिटं. तिनं ते तीन वाजून तीन असं वाचलं होतं. ती पावती पोलिसांच्या हाती होती, बचाव पक्षाला दिलीच गेली नाही. त्याला फाशी सुनावली गेली. २०१३ मध्ये फेडरल डिस्ट्रिक्ट न्यायाधीशांनी शिक्षा रद्द केली, तीन न्यायाधीशांच्या पीठानं तो निकाल फिरवला, आणि २०१६ मध्ये थर्ड सर्किटच्या पूर्ण पीठानं पुन्हा कैद्याच्या बाजूनं कौल दिला: अनुकूल पुरावा दडवणं हा ब्रेडी विरुद्ध मेरीलँड या १९६३ च्या निकालाचा भंग आहे, आणि राज्याच्या सुप्रीम कोर्टानं तो निकाल अवाजवी रीतीनं लावला. ही माणसं बाजू जिंकतात ती अशा एका कागदावर. या प्रकरणाचा शेवट काय झाला ते पुढे सांगतो, कारण तो तुमच्या भाच्याच्या कामाचा आहे.

निर्दोषत्वाबद्दल आता सरळ उत्तर. "मी निर्दोष आहे" एवढंच कारण फेडरल हेबियसमध्ये बहुतेक ठिकाणी पुरत नाही. हरेरा विरुद्ध कॉलिन्स (१९९३) पासून सुप्रीम कोर्टानं हा प्रश्न लटकत ठेवला आहे. निर्दोषत्वाचा ठोस नवा पुरावा दुसऱ्या कामी येतो: मुदत गेली असेल किंवा मुद्दा राज्यात मांडायचा राहिला असेल, तर तो बंद दरवाजा किलकिला होतो. तिथेही कोर्टाची खात्री पटवावी लागते की हा पुरावा समोर असता तर कोणत्याही समंजस ज्युररनं दोषी ठरवलं नसतं. ही पायरी फार उंच आहे. तिच्या भरवशावर मुदत चुकवू नका.

प्रत्यक्षात चालणारे मुद्दे वेगळे असतात. वकिलानं निष्काळजीपणा केला आणि तो केला नसता तर निकाल बदलला असता, हा सर्वांत जास्त मांडला जाणारा मुद्दा. त्याचं माप १९८४ च्या स्ट्रिकलंड निकालाचं आहे. सरकारी पक्षानं पुरावा दडवला. वंशावरून ज्युरर वगळले. कबुली जबरदस्तीनं घेतली. झडती बेकायदा होती, हा मुद्दा मात्र १९७६ पासून फेडरल हेबियसमध्ये जवळजवळ बाद आहे. राज्यानं तो ऐकायची पुरेशी संधी दिली असली की संपलं. भारतीय वाणिज्य दूतावासाला कळवायचा हक्क आहे हे पोलिसांनी सांगितलं नाही, असा मुद्दा पुष्कळ कुटुंबं उचलतात. व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ मध्ये तो हक्क आहे, पण २००६ आणि २००८ च्या निकालांनंतर त्यावर शिक्षा रद्द होण्याची आशा धरू नका. न्यूयॉर्कचा दूतावास न्यू जर्सीही सांभाळतो. भाच्याला भेटणं, प्रकृतीची चौकशी करणं हे ते करू शकतात. कोर्टात ते काही करू शकत नाहीत.

आता "सरळ हेबियस टाक" या सल्ल्याकडे वळू. तो चुकीचा आहे. प्रत्येक मुद्दा आधी राज्याच्या कोर्टांत शेवटपर्यंत न्यावा लागतो, म्हणजे ट्रायल कोर्ट, अपील कोर्ट आणि राज्याचं सुप्रीम कोर्ट. तिथे प्रकरण ऐकायचं की नाही हे त्यांच्या मर्जीवर असलं तरी दार ठोठवावंच लागतं. वकिलाच्या निष्काळजीपणाचा मुद्दा न्यू जर्सीत मूळ अपिलात सहसा ऐकलाच जात नाही, तो पीसीआरसाठी राखलेला असतो. भाच्याची तक्रार ट्रायलच्या वकिलाबद्दल असेल तर पीसीआर टळणार नाही. आणि मुद्दा फेडरल म्हणून मांडायला हवा. "खटला अन्यायकारक होता" असं राज्याच्या कोर्टात दिलेल्या ब्रीफमध्ये, म्हणजे लेखी युक्तिवादात, लिहून, पुढे फेडरल कोर्टात "चौदाव्या दुरुस्तीचा भंग" म्हटलं तर न्यायाधीश विचारतो, हे तुम्ही तिकडे केव्हा सांगितलं होतं? ब्रीफमध्ये राज्यघटनेच्या दुरुस्तीचा क्रमांक आणि सुप्रीम कोर्टाचा एखादा निकाल स्पष्ट लिहिलेला असावा. या दोन ओळी लिहायला वकिलाला मिनिटभर लागतं. त्या नसल्या तर मुद्दा जातो.

मांडायचा राहिला किंवा उशिरा मांडला तर काय होतं, त्याचं उदाहरण कोलमन विरुद्ध थॉम्प्सन, १९९१. व्हर्जिनियातल्या फाशीच्या कैद्याच्या वकिलांनी राज्यातल्या अपिलाची नोटीस तीन दिवस उशिरा दिली. फेडरल कोर्टानं मुद्दे ऐकायला नकार दिला आणि सुप्रीम कोर्टानं तो कायम केला. निकालपत्राचं पहिलंच वाक्य असं आहे की हा खटला संघराज्य व्यवस्थेबद्दल आहे. माणसाबद्दल आहे असं ते म्हणत नाही. १९९२ मध्ये त्याला मृत्युदंड दिला गेला. (२००६ मध्ये डीएनए तपासणी झाली आणि तो दोषीच असल्याचं दिसलं. तरीही नियम तोच राहिला, आणि तो निर्दोषालाही तितकाच लागू होतो.)

नाशिकमध्ये बसून घरचे काय करू शकतात, याचं उत्तर इथेच आहे. पुष्कळ कुटुंबं एखादा साक्षीदार किंवा एखादं कागदपत्र "मोठ्या कोर्टासाठी" हुकमाच्या पत्त्यासारखं राखून ठेवतात. तो पत्ता तिथे चालत नाही. २०११ पासून नियम असा आहे की राज्याच्या कोर्टानं मुद्दा गुणवत्तेवर ठरवला असेल, तर फेडरल न्यायाधीश त्या कोर्टासमोर जे होतं तेवढंच बघतो. २०२२ च्या शिन विरुद्ध रामिरेझ निकालानं तर उरलीसुरली फटही बुजवली. त्यातल्या ॲरिझोनाच्या एका कैद्याच्या प्रकरणात फेडरल कोर्टानं साक्षीपुरावे ऐकले होते. ट्रायलच्या वकिलानं वैद्यकीय पुरावा तपासलाच नाही आणि पीसीआरच्या वकिलानंही ते उचललं नाही, असं निघालं होतं. सुप्रीम कोर्टानं ६ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं की राज्यात न आलेला तो पुरावा वापरताच येणार नाही; पीसीआरच्या वकिलाची चूक कैद्याच्याच माथी.

म्हणून सगळं आता, पीसीआरमध्येच आलं पाहिजे. घटनेच्या वेळी भाचा तुमच्याशी फोनवर बोलत असेल तर फोनची नोंद काढा आणि ज्यानं फोन घेतला त्याचं प्रतिज्ञापत्र करा. वकिलानं त्या माणसाशी कधी संपर्कच केला नाही, हेही त्यातच लिहा, कारण मुद्दा तोच आहे. न्यू जर्सीच्या कोर्टाला ऐकीव माहिती नको असते, स्वतः पाहिलेलं-ऐकलेलं हवं असतं. मराठीत लिहून सही केलीत तर इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं लेखी निवेदन जोडा. "माझा भाचा स्वभावानं गरीब आहे" अशा दहा पत्रांपेक्षा तारीख-वेळ असलेलं एक पान उपयोगी. आणि भाच्याच्या प्रकरणाची एक फाईल नाशिकमध्ये तयार करा: शिक्षेचा आदेश, दोन्ही बाजूंच्या ब्रीफ, अपील कोर्टाचं निकालपत्र, राज्याच्या सुप्रीम कोर्टाला केलेला अर्ज आणि त्याची ऑर्डर. तुरुंगात एका कोठडीतून दुसरीकडे हलवताना कागदांचे गठ्ठे हरवतात; तुमच्याकडची प्रतच पुढे कामाला येते.

पहिल्या पीसीआरसाठी न्यू जर्सी पब्लिक डिफेंडरतर्फे वकील देते. तो घ्या. पण वकील नेमला जाण्याची वाट बघत अर्ज अडवून ठेवू नका. साधा, हातानं भरलेला पीसीआर अर्ज आधी दाखल होऊ दे, मुदत थांबू दे. वकील नंतर त्यात भर घालतो.

फेडरल अर्ज स्वतः तसा छोटा असतो. ठरलेला फॉर्म, पाच डॉलर फी, तीही परवडत नसेल तर माफ. प्रतिवादी म्हणून तुरुंगाच्या प्रमुखाचं नाव. तुरुंगाच्या टपालात दिला त्या दिवशी तो दाखल झाला असं धरतात, म्हणून त्या तारखेचं निवेदन भाच्यानं फॉर्मवर सही करून भरायचं. वकिलाचा हक्क नाही. न्यू जर्सीनं २००७ मध्ये फाशी रद्द केली, त्यामुळे फाशीच्या कैद्यांना मिळणारा वकीलही इथे कुणाला मिळत नाही. मग अर्ज लिहितो तो बहुतेक वेळा तुरुंगाच्या वाचनालयातला जाणता कैदी. १९६९ पासून सुप्रीम कोर्टानं अशा मदतीला संरक्षण दिलं आहे, आणि यातले काही जण बाहेरच्या पुष्कळ वकिलांपेक्षा नेटकं लिहितात. त्याचा सल्ला घ्या, तारखांचा हिशेब मात्र स्वतः पुन्हा करा.

अर्ज एकदाच करायचा असतो. दुसऱ्या अर्जाला थर्ड सर्किटची आगाऊ परवानगी लागते आणि ती क्वचित मिळते. म्हणून इथलं फेडरल कोर्ट वकील नसलेल्या कैद्याला आधी नोटीस पाठवतं: सगळे मुद्दे याच अर्जात आहेत ना? नसतील तर मागे घेऊन सगळे एकत्र करून आणा. ही नोटीस आली की घाबरू नका, पण उत्तराची मुदतही चुकवू नका. आणि मागे घेण्याआधी वर्षातले किती दिवस उरलेत ते मोजा, कारण फेडरल अर्ज पडून असताना मुदत थांबत नाही. फेडरल वर्ष संपत आलं आणि पीसीआर अजून लटकलेला असेल, वेळेत होता की नाही याचीच शंका असेल, तर फेडरल अर्ज आधीच दाखल करून "राज्यातलं काम संपेपर्यंत हा थांबवून ठेवा" अशी विनंती करता येते. कोर्ट प्रत्येक वेळी मान्य करत नाही. माझ्या मते शंका असेल तिथे ती करावीच.

पुढे न्यायाधीश अर्ज चाळतो, तकलादू असेल तर तिथेच काढून टाकतो. नाहीतर काउंटी प्रॉसिक्यूटरची (जिल्ह्याच्या सरकारी वकिलाची) कचेरी उत्तर देते, भाचा प्रत्युत्तर देतो, आणि मग शांतता. वर्ष, दोन वर्षं, कधी त्याहून जास्त. सुनावणी, युक्तिवाद असं काही नसतंच बहुधा; एक दिवस टपालानं निकाल येतो. विरुद्ध गेला तर अपिलाची नोटीस ३० दिवसांत, आणि वर आणखी परवानगी लागते: घटनात्मक हक्क डावलल्याचं भरीव चित्र निदान एका मुद्द्यावर तरी दिसतं, असं प्रमाणपत्र.

आणि बाजूनं गेला तर? भाचा दुसऱ्या दिवशी घरी येत नाही. बहुतेक वेळा आदेश असा असतो की ठरावीक दिवसांत नवा खटला चालवा, नाहीतर सोडा. राज्य मग अपील करतं, किंवा नव्यानं खटला उभा करतं, किंवा बोलणी करायला बसतं. डेनिस प्रकरणात बोलणीच झाली. २०१६ च्या शेवटी त्यानं कमी गंभीर आरोपावर "नो कॉन्टेस्ट", म्हणजे गुन्हा कबूलही नाही आणि विरोधही नाही, अशी प्ली घेतली आणि पुढच्या वर्षी तो बाहेर आला. नव्या खटल्याचा धोका पत्करण्यापेक्षा घर बरं, हा हिशेब कुणालाही समजण्यासारखा आहे.

पण तो अमेरिकन नागरिक होता. तुमचा भाचा नाही. घटनात्मक दोषामुळे शिक्षा रद्द झाली, तर इमिग्रेशनच्या दृष्टीनं ती शिक्षा उरत नाही आणि ग्रीन कार्ड वाचू शकतं. त्या जागी त्यानं नवी प्ली घेतली, तर तिचीच शिक्षा धरली जाते, "नो कॉन्टेस्ट" असली तरीही, आणि आयसीई, म्हणजे अमेरिकेची इमिग्रेशन अंमलबजावणी यंत्रणा, तुरुंगाच्या फाटकावरच त्याला ताब्यात घेऊ शकते. २०१० च्या पडिला निकालानंतर प्लीचे हे परिणाम सांगणं हे बचावाच्या वकिलाचं कर्तव्य आहे, पण फौजदारी वकिलांना त्यातलं बारीक नेहमीच येत नाही. असं बोलणं सुरू झालंच, तर सही करण्याआधी इमिग्रेशनचा वेगळा वकील गाठा आणि नेमकं कोणतं कलम कागदावर येणार आहे, ते त्याच्याकडून वाचून घ्या.